कलकत्त्याची टांकसाळ

कलकत्त्यास बदलून आलेला मराठी माणूस दक्षिणेश्वर पाहतो, व्हिक्टोरिया स्मारक पाहतो. पण स्ट्रँड रोडवरच्या जुन्या टांकसाळीकडे त्याचे पाऊल सहसा वळत नाही. ते ग्रीक धाटणीचे खांब दृष्टीस पडलेच तर एखादे न्यायालय असावे अशी समजूत करून घेऊन तो पुढे जातो. वस्तुतः आपल्या पगाराच्या रुपयाची बरीचशी कुळकथा त्या भिंतींआड घडलेली आहे.

कलकत्त्यात नाणी पाडण्याची मुभा इंग्रजांना 1757 साली नबाबाकडून मिळाली. नाण्यांवर नाव मात्र दिल्लीच्या बादशहाचेच राहिले. त्यातही मौज अशी की, शहाआलमच्या कारकिर्दीचे 19 वे वर्ष सरून कैक वर्षे लोटली तरी नाण्यावरचे 19 काही बदलेना. आणि नाणे कलकत्त्याचे असूनही त्यावर ठिकाण कोरलेले मुर्शिदाबादचे! ही लबाडी नव्हे, सराफांवरचा तोडगा होता. चालू सालचा सिक्का सराफ पुऱ्या किमतीस घेत आणि साल उलटताच त्यावर बट्टा कापीत. सालच गोठवले की बट्ट्याचे निमित्त उरत नाही. (आपल्या नावाला लागतो तो बट्टाही याच पेढीवरचा.) सरकारी दप्तरात वर्ष थांबवून धरण्याची ही युक्ती पुढे इतर खात्यांनी उचलली नाही, हे आम्हां कारकुनांचे भाग्यच म्हणावयाचे.

स्ट्रँड रोडवरील इमारतीचा पाया 1824 च्या मार्चमध्ये घातला गेला आणि 1 ऑगस्ट 1829 रोजी तेथे काम सुरू झाले. मेजर फोर्ब्स या लष्करी स्थापत्यविशारदाने अथेन्समधील मिनर्व्हेच्या मंदिराची निम्म्या मापाची प्रतिकृती दर्शनी भागी उभारली. लक्ष्मीच्या कारखान्यास विद्येच्या देवतेचे देवालय! आणि तेथील परखमास्तरांच्या आसनावर जेम्स प्रिन्सेप बसला, तेव्हा ते देवालय सार्थही झाले.

धातूचा कस लावणे हे प्रिन्सेपचे काम. भट्टीची उष्णता मोजण्याच्या रीती त्याने शोधल्या, अतिसूक्ष्म वजनाचा काटा तयार केला. प्रांतोप्रांतीच्या नाण्यांचा गोंधळ मोडून एकच रुपया चालवावा, असा आग्रह धरणाऱ्यांत तो होता. 1835 च्या कायद्याने तो रुपया आला: वजन 180 ग्रेन, त्यात बारापैकी 11 भाग शुद्ध चांदी. 180 ग्रेन म्हणजे बरोबर एक तोळा. म्हणूनच सराफकट्ट्यावर आणि घरोघरी रुपया हेच तोळ्याचे वजन होऊन बसले. दिवसा चांदीचा कस पाहणाऱ्या या माणसाने 1837 साली ब्राह्मी लिपी उलगडली. कार्ले, नाशिक येथील लेण्यांतले लेख आपणांस वाचता येऊ लागले ते या उलगड्यामुळे. महाराष्ट्राचे हे ऋण कलकत्त्याच्या टांकसाळीस पोचते, असे आम्हांस वाटते.

त्या काळी कोणीही चांदी घेऊन यावे, कस लावून घ्यावा, टांकणावळ भरावी आणि रुपये न्यावेत, अशी मोकळीक होती. त्यामुळे टांकसाळीच्या कोठारातील चांदी ही बव्हंशी व्यापाऱ्यांची असे. सरकार केवळ तिच्या कसाची हमी देई. पुढे चांदी जगभर उतरली. विलायतेची देणी सोन्यात भागवावयाची आणि कर चांदीत गोळा करावयाचे, यात सरकारची कोंडी झाली. तेव्हा 26 जून 1893 रोजी ही मोकळीक बंद करण्यात आली. आमच्या मते रुपयाच्या इतिहासातील खरी संक्रांत ही. त्या दिवसापासून रुपयाची किंमत चांदीवर नव्हे, सरकारच्या शब्दावर ठरू लागली; आणि ज्या शेतकऱ्याने आपले धन चांदीच्या दागिन्यांत घातले होते, त्याला ते टांकसाळीत देऊन रुपये करून घेण्याचा मार्ग उरला नाही.

मग उतरण लागली. 1940 मध्ये रुपयातील चांदी निम्म्यावर आली, 1947 मध्ये रुपया निव्वळ निकेलचा झाला. दुसऱ्या महायुद्धात अमेरिकेने हिंदुस्थानास सुमारे 22 कोटी 60 लक्ष औंस चांदी उसनी दिली होती. ती चांदीच्याच रूपाने फेडावयाची होती. अलीपूर येथील नव्या टांकसाळीचे उद्घाटन 19 मार्च 1952 रोजी अर्थमंत्री चिंतामणराव देशमुख यांच्या हस्ते झाले. त्याच अलीपुरात पुढे चांदी शुद्ध करण्याचा कारखाना निघाला. लोकांच्या हातून परत आलेले निमचांदीचे रुपये तेथे वितळले, त्यांतील तांबे, निकेल, जस्त वेगळे काढले गेले आणि उरलेली चांदी लगडींच्या रूपाने समुद्रापार रवाना झाली.