जातीलुवी

इंडोनेशियाच्या बाली प्रांतातील भातशेतीचे एक लहान गाव. ताबानान जिल्ह्याच्या पेनेबेल तालुक्यात, बातुकारू (उंची २,२७६ मी.) या पर्वताच्या दक्षिणेकडील उतारावर, समुद्रसपाटीपासून सुमारे ७०० मी. उंचीवर ते वसले आहे. प्रांताची राजधानी देनपसार येथून ते रस्त्याने सुमारे ५० किमी. दूर आहे. ज्वालामुखीच्या राखेपासून बनलेली माती कसदार आहे, पाऊस भरपूर पडतो आणि डोंगरातले झरे बारमाही वाहतात. भात हे मुख्य पीक असून उंच वाढणारा, पाच-सहा महिन्यांनी तयार होणारा स्थानिक तांबडा भात ही गावाची जुनी ओळख आहे. जातीलुवी आणि गुनुंगसारी ही दोन परंपरागत गावे या एकाच शासकीय गावात येतात. २०१२ मध्ये युनेस्कोने बालीतील सुबाक व्यवस्थेच्या भूदृश्याचा जागतिक वारशात समावेश केला, त्यात जातीलुवीची खाचरे आहेत. २०२४ मध्ये संयुक्त राष्ट्रांच्या पर्यटन संघटनेने उत्कृष्ट पर्यटन गावांच्या यादीत त्याला स्थान दिले. या सन्मानांमुळे जगाला परिचित झाली ती उतारावर पायऱ्यापायऱ्यांनी उतरत जाणारी हिरवी खाचरे. मात्र ही खाचरे उभी आहेत ती शेतकऱ्यांनी आपसात केलेल्या पाणीवाटपाच्या करारावर. गावाचे महत्त्व या करारात आहे, आणि त्याचे भवितव्यही करार टिकण्यावर अवलंबून आहे.

या कराराचे नाव सुबाक. एकाच पाटाचे पाणी घेणाऱ्या शेतकऱ्यांची ही संघटना गावाच्या प्रशासनापासून वेगळी असते. तिची हद्द पाणी कुठून येते आणि कुठे जाते यावरून ठरते. त्यामुळे एका गावचे शेतकरी निरनिराळ्या सुबाकांत आणि एका सुबाकात निरनिराळ्या गावांचे शेतकरी असू शकतात. सभासद आपला प्रमुख निवडतात, त्याला पेकासेह म्हणतात. आविग-आविग या नावाच्या नियमावलीत पाण्याचे हिस्से, पाट-बंधाऱ्यांच्या डागडुजीसाठी द्यायचे श्रम आणि चुकारपणाबद्दलचा दंड हे सारे ठरलेले असते. पाणी वेळेच्या पाळीने नव्हे, तर प्रमाणाने वाटले जाते. पाटात आडव्या बसवलेल्या विभाजकाला ठरावीक रुंदीच्या खाचा असतात. ज्याचा जेवढा हिस्सा तेवढी त्याची खाच. प्रवाह घटला तर सर्वांचे पाणी सारख्याच प्रमाणात घटते. प्रत्येक सुबाकाची शेतात स्वतःची देवळे असतात, आणि एकाच स्रोतावरचे अनेक सुबाक वरच्या मोठ्या देवळाशी जोडलेले असतात. पेरणी, लावणी आणि काढणीचे विधी भाताची देवी श्री हिच्या पूजेने होतात, आणि या विधींच्या तिथींबरोबरच शेतीचे वेळापत्रकही ठरते. देव, माणूस आणि निसर्ग यांच्या सुसंवादाचे तत्त्व म्हणून आज सांगितली जाणारी ‘त्रि हित करण’ ही संज्ञा १९६० च्या दशकात रूढ झाली. सुबाकाचा उल्लेख मात्र अकराव्या शतकातील कोरीव लेखांत मिळतो. म्हणजे तत्त्वाचे नाव अलीकडचे आहे आणि व्यवहार सुमारे हजार वर्षांचा आहे.

पाण्याच्या प्रत्येक व्यवस्थेत एक अवघड प्रश्न असतो : वरच्या शेतकऱ्याने खालच्याला पाणी का सोडावे? जातीलुवीसारख्या उतारावर उंच वसलेल्या गावात तो अधिकच टोकदार होतो, कारण पाणी आधी त्याच्याच खाचरात येते. धर्मश्रद्धा हे त्याचे एक उत्तर आहे, पण एवढ्याने शतकानुशतके कोणी आपला फायदा सोडत नाही. अमेरिकन मानववंशशास्त्रज्ञ स्टीफन लान्सिंग यांनी बालीच्या जलमंदिरांचा दीर्घ अभ्यास करून अधिक पटणारे उत्तर मांडले. पाण्याच्या टंचाईबरोबर भाताचा दुसरा शत्रू कीड आहे. शेजारची शेते वेगवेगळ्या वेळी पिकत असतील तर तुडतुडे आणि उंदीर एका शेतातून दुसऱ्यात जातात आणि त्यांना वर्षभर अन्न मिळते. सगळ्यांनी एकाच वेळी काढणी करून मोठा पट्टा पडीक ठेवला किंवा पाण्याखाली घातला, तर किडीची उपासमार होते. मात्र त्यासाठी खालच्या शेतकऱ्यालाही लावणीच्या वेळी पाणी मिळायला हवे. वरचा शेतकरी पाणी सोडतो तेव्हा तो स्वतःच्या पिकाचे संरक्षण मिळवत असतो. दुसरीकडे, संपूर्ण खोऱ्याने एकदम लावणी केली तर पाणी पुरणार नाही. किती सुबाकांनी एकत्र चालायचे आणि कुठे पंधरा-वीस दिवसांचे अंतर ठेवायचे, हा तोल देवळातल्या सभांमधून साधला जात आला. लान्सिंग आणि परिसंस्थातज्ज्ञ जेम्स क्रेमर यांनी ओस व पेतानू या नद्यांच्या खोऱ्यांची संगणकीय प्रतिकृती करून दाखवले की, देवळांच्या रचनेच्या पातळीवर होणारा समन्वय उत्पन्नाच्या दृष्टीने सर्वोत्तमाच्या जवळ जातो. ती खोरी जातीलुवीची नाहीत. पण पाणी, भात आणि कीड यांचे गणित येथेही तेच आहे.

या व्यवस्थेची नकळत परीक्षा हरितक्रांतीने घेतली. १९७० च्या दशकात लवकर येणारे सुधारित वाण, रासायनिक खते आणि कीटकनाशके यांचा सरकारी प्रसार झाला, आणि ज्याला जमेल त्याने शक्य तितक्या वेळा भात घ्यावा असे सांगितले गेले. देवळांची तिथी मागे पडली. बालीच्या अनेक भागांत पाण्याची ओढाताण सुरू झाली, आणि तपकिरी तुडतुडे व टुंग्रो रोगाने पिके गेली. कीटकनाशकांनी तुडतुड्यांचे नैसर्गिक शत्रूही मारल्याने संकट वाढले. अखेर १९८६ मध्ये राष्ट्राध्यक्षांच्या आदेशाने भातावरील ५७ कीटकनाशकांवर बंदी आली. यावर एक वाजवी आक्षेप आहे : याच सुधारित वाणांमुळे इंडोनेशिया १९८४ मध्ये तांदळात स्वयंपूर्ण झाला, तेव्हा जुन्या तिथींचे गोडवे कशाला गायचे? आक्षेपातील तथ्य मान्य करायला हवे. भुकेल्या देशाला जादा धान्य हवे होते. पण बियाणे आणि वेळापत्रक या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. चूक नव्या बियाण्यात नव्हती, समन्वय मोडण्यात होती. जातीलुवीचे शेतकरी वर्षाच्या एका हंगामात स्थानिक तांबडा भात घेतात आणि दुसऱ्या हंगामात कमी मुदतीचे वाण लावतात. नवे बियाणे जुन्या समन्वयात सामावते, हे यातून दिसते.

दुसरा आक्षेप इतिहासाचा आहे. एवढे मोठे पाटबंधारे प्रबळ राजसत्तेशिवाय शक्य नसतात, असे कार्ल विटफोगेल यांनी १९५७ मध्ये आशियाई समाजांविषयी मांडले होते. बालीच्या बाबतीत क्लिफर्ड गीर्ट्झ यांनी १९८० मध्ये उलट बाजू दाखवली : राजदरबार वैभवाचे प्रदर्शन करीत, पाण्याचा कारभार मात्र शेतकऱ्यांच्या स्थानिक संघटना चालवीत. राजांचा काहीच हात नव्हता असे म्हणणे अतिशयोक्तीचे होईल, कारण काही बंधारे आणि देवळे त्यांच्या आश्रयाने उभी राहिली. पण दररोजचा निर्णय त्यांच्याकडून येत नव्हता. सुबाक म्हणजे संपूर्ण समतेचे राज्य, असेही समजू नये. जमीन कमी-जास्त असते, कुळाने कसणारेही असतात. सुबाकाची थोरवी एवढीच, आणि ती पुरेशी आहे, की विषम वाट्याच्या लोकांना त्याने एका मोजमापाने बांधून ठेवले.

हेच मोजमाप आज पर्यटनासमोर उभे आहे. पर्यटनामुळेच खाचरे वाचली, असे म्हणणाऱ्यांचा मुद्दा खोटा नाही. प्रवेशशुल्क आणि खानावळींचे उत्पन्न गावात येते, आणि तांबड्या तांदळाला ग्राहक मिळतो. तरीही हिशेबात एक मूलभूत फरक आहे. शेजाऱ्याच्या शेतात कीड पडली तर शेतकऱ्याचे नुकसान होते, म्हणून तो शेजाऱ्याला पाणी देतो. उपाहारगृह किंवा निवासगृह पाणी घेते, पण त्याला तुडतुड्याची भीती नाही आणि लावणीच्या तिथीशी देणेघेणे नाही. ज्या परस्पर गरजेने करार टिकला, ती गरज त्याच्याबाबतीत नसते. खाचरांच्या मध्ये बांधकाम झाले की जमीन जातेच, शिवाय एक सभासद कमी होतो आणि उरलेल्यांवर पाटाच्या श्रमाचा बोजा वाढतो. शेतीतून मिळणारे उत्पन्न कमी आणि बाहेरच्या नोकरीतले जास्त असेल, तर पुढची पिढी चिखलणीला उतरणार नाही. म्हणून बांधकामावरील मर्यादा आवश्यक असली तरी पुरेशी नाही. पर्यटनाच्या पैशाचा ठरलेला वाटा शेत कसणाऱ्याच्या आणि सुबाकाच्या हाती पोहोचला पाहिजे. जातीलुवीची खाचरे ही शेतकऱ्यांच्या चालू असलेल्या सहकार्याची खूण आहे. ते सहकार्य थांबले तर उतारावर पायऱ्या उरतील, पण त्यांत पाणी उभे राहणार नाही.