सातच्या खाली नाही

नोव्हेंबर १९८६. ओव्हल मैदानासमोर जुन्या सचिवालयाची दगडी इमारत, आत मुंबईचं सेशन्स कोर्ट. मैदानावरचा क्रिकेटचा गलका खिडकीतून ऐकू येतोय. न्यायाधीशाच्या खुर्चीत तुम्ही बसला आहात.

समोर पिंजऱ्यात आरोपी. अजून तिशीही गाठलेली नाही. जबरी चोरीत तो दोषी असल्याचं तुम्ही आत्ताच सांगितलंत. टॅक्सीत मागे बसून त्यानं ड्रायव्हरच्या गळ्याला रामपुरी लावला, घड्याळ आणि दिवसाचा गल्ला काढून घेतला. पकडला तेव्हा टर्कीत होता, गर्द तुटल्याची तगमग. नाक गळतंय, गुडघे पोटाशी, लॉकअपमध्ये रात्रभर ओरडा. आज गाल भरलेत. दीड वर्ष आर्थर रोडला कच्चा कैदी होता, त्याची ही कमाई.

आता शिरस्तेदार दुसरा कागद पुढे करतात. गुन्हा शाबित होईपर्यंत आधीच्या शिक्षा न्यायाधीशाच्या कानावर घालायच्या नाहीत, ही कायद्यातली खबरदारी मला फार शहाणपणाची वाटते. चोरी, एक वर्ष. पुन्हा चोरी, दोन वर्षं.

“कबूल?”

“कबूल, साहेब.”

शिक्षेबद्दल आरोपीचं ऐकून घेणं १९७३च्या फौजदारी प्रक्रिया संहितेनं बंधनकारक केलंय, आणि तो नुसता उपचार नव्हे, असं सर्वोच्च न्यायालयानं १९७६ साली संता सिंगच्या खटल्यात बजावलंय. तुम्ही पेन खाली ठेवता. बचावाचे वकील म्हणतात, हा गर्दुल्ला आहे, याला औषधाची गरज आहे. सरकारी वकील म्हणतात, मागच्या खेपेलाही बरा होऊनच सुटला होता. बाहेर पडला आणि पुन्हा पन्नी. तो टॅक्सीवाला आता रात्रपाळी करत नाही.

दोघंही खरं बोलतायत.

तुम्ही पुस्तकं उघडता. गेल्याच वर्षीच्या अमली पदार्थ कायद्याचं कलम ३९ व्यसनीला तुरुंगाऐवजी दवाखान्यात पाठवू देतं, पण सेवनाच्या आणि स्वतःपुरता माल बाळगण्याच्या गुन्ह्यातच. गर्द ओढताना सापडता तर दार उघडं होतं; गर्दसाठी चाकू काढला, दार बंद. भारतीय दंड संहितेचं कलम ३९७ सांगतं: घातक शस्त्र वापरलं की किमान सात वर्षं. चाकू नुसता दाखवला, हा बचाव फूलकुमारच्या १९७५च्या निकालापुढे टिकत नाही. समोरच्याला धाक बसेल असा उघडा चाकू हातात असणं हाच वापर. कलम ७५ मात्र जुन्या शिक्षांपायी थेट जन्मठेपेपर्यंत जाऊ देतं. पूर्वेतिहासासाठी वर चढायला एवढी जागा, व्यसनासाठी खाली उतरायला एक पायरी नाही. (तुम्ही ज्या काळातून आलात तिथे नव्या संहितेत ३९७चं ३११ झालंय. सात वर्षं तशीच आहेत.)

तीनच महिन्यांपूर्वी पुण्यात, येरवड्याच्या मनोरुग्णालयाच्या आवारात, डॉ. सुनंदा आणि अनिल अवचटांनी मुक्तांगण सुरू केलंय. त्याच येरवड्यात मध्यवर्ती कारागृहही आहे. तुमचा अधिकार फक्त कारागृहापर्यंत पोचतो.

तुम्ही सांगू लागता, स्टेनो उतरवून घेतो: सात वर्षं सक्तमजुरी, कच्च्या कैदेचे दिवस वजा, कारागृह अधीक्षकांनी व्यसनावर उपचारांची सोय पाहावी, अशी शिफारस. शिफारस म्हणजे हुकूम नव्हे, हे तुमच्याइतकंच सरकारी वकिलांनाही ठाऊक आहे.

“काही सांगायचंय?”

“येरवडा की ठाणा, साहेब?”

तेही तुमच्या हातात नाही. ते तुरुंग खातं ठरवतं.