माळावरची कार्यशाळा : पाबळच्या विज्ञान आश्रमाची वाटचाल

पाबळ हे पुणे जिल्ह्याच्या शिरूर तालुक्यातले अवर्षणप्रवण गाव. हिंदुस्तान लिव्हरमधील संशोधनाचे वरिष्ठ पद सोडून डॉ. श्रीनाथ कलबाग पत्नी मीराताईंसह येथे आले आणि १९८३ मध्ये भारतीय शिक्षण संस्थेच्या छत्राखाली विज्ञान आश्रम सुरू झाला. हाताला काम मिळाले की बुद्धीही चालते, या विश्वासावर त्याची उभारणी झाली.

गावच्या माध्यमिक शाळेत आठवी ते दहावीसाठी ‘मूलभूत तंत्रज्ञानाची ओळख’ हा विषय आला. आठवड्यातला एक दिवस कामाचा. अभियांत्रिकी, ऊर्जा-पर्यावरण, शेती-पशुपालन आणि गृह-आरोग्य या चार विभागांत मुले गावकऱ्यांची खरीखुरी कामे करत. शिकवायला गावातलेच कुशल कारागीर असत.

विहीर खणण्याआधी पाण्याचा अंदाज घेणे, हे त्यांतले एक काम. शेतात एका रेषेत चार सळया रोवायच्या, बाहेरच्या दोन सळयांतून जमिनीत वीज सोडायची, आतल्या दोन सळयांमधला विजेचा दाब मोजायचा आणि त्यावरून जमिनीचा विद्युतरोध काढायचा. मग सळयांतले अंतर वाढवत खोल थरांच्या रोधाचा आलेख काढायचा; पाणी धरलेल्या थरात रोध कमी भरतो. भौतिकशास्त्राचा धडा असा थेट शेतकऱ्याच्या खर्चाशी जोडला जाई. चुकलेल्या अंदाजाची किंमत कुणीतरी मोजणार, हे मुलांना ठाऊक असे.

दहावीच्या गुणांवर भिस्त असलेल्या व्यवस्थेत हातकामाला प्रतिष्ठा मिळवून देणे सोपे नव्हते. १९८७ मध्ये माध्यमिक शिक्षण मंडळाने हा विषय पूर्वव्यावसायिक म्हणून मान्य केला आणि अन्य शाळांचा मार्ग मोकळा झाला. शाळा सुटलेल्या मुलांसाठी एक वर्षाचा निवासी पदविका अभ्यासक्रमही रुजला. लोखंडी त्रिकोण जोडून, त्यावर जाळी व सिमेंटचा गिलावा चढवून उभारलेले ‘पाबळ डोम’ आणि जुन्या जीपच्या सुट्या भागांतून साकारलेला ‘मेकबुल’ हा छोटा ट्रॅक्टर ही इथल्या कामाची ओळख ठरली.

२००२ मध्ये अमेरिकेतील एमआयटीच्या सहकार्याने येथे फॅब लॅब आली. संगणकावरचे रेखाटन यंत्राने कापून वस्तू बनवण्याची सोय पाबळला मिळाली, तेव्हा ती मोठ्या शहरांतही दुर्मीळ होती. पुढच्याच वर्षी डॉ. कलबाग गेले. संस्थापकामागे संस्था विस्कटतात, हा अनुभव नवा नाही. पाबळला तसे झाले नाही. डॉ. योगेश कुलकर्णी आणि सहकाऱ्यांनी काम पुढे नेले. ‘लेंड अ हँड इंडिया’ या संस्थेने मूलभूत तंत्रज्ञानाचा विषय आणखी शाळांपर्यंत पोहोचवला. पाबळच्या अनुभवातून घडलेला बहुकौशल्य अभ्यासक्रम आज महाराष्ट्राबाहेरच्या शाळांतही शिकवला जातो.