रेट्रो गेमिंगसाठी दूरचित्रवाणी संचाची निवड

रेट्रो गेमिंगसाठी दूरचित्रवाणी संचाची निवड हा जुन्या व्हिडिओ गेम यंत्रांच्या (कन्सोल) वापराशी निगडित असा तांत्रिक विषय आहे. इ.स. १९७० च्या दशकापासून इ.स. २००० च्या दशकाच्या मध्यापर्यंतची बहुतेक घरगुती गेम यंत्रे ऋण किरण नलिकेवर (सीआरटी; बोलीभाषेत ‘पिक्चर ट्यूब’) आधारलेल्या दूरचित्रवाणी संचांसाठी तयार करण्यात आली होती. ही यंत्रे एलसीडी किंवा ओएलईडी पडद्याच्या आधुनिक संचांना थेट जोडल्यास चित्र धूसर दिसणे, ते आडवे ताणले जाणे, कळ दाबल्यानंतर परिणाम उशिरा दिसणे आणि काही उपकरणे मुळीच न चालणे अशा अडचणी येतात. दुसरीकडे, सीआरटी संचांचे उत्पादन थांबलेले असून शिल्लक संच जुने होत चालले आहेत. त्यामुळे सीआरटी संच वापरणे, आधुनिक संच थेट वापरणे किंवा आधुनिक संचाला संकेत परिवर्तक जोडणे असे तीन प्रमुख पर्याय उरतात. यांपैकी कोणता पर्याय योग्य, हे मुख्यतः गेम यंत्रातून निघणारा संकेत आणि खेळात लागणारी वेळेची अचूकता यांवर ठरते.

पार्श्वभूमी

इ.स. १९७२ मध्ये आलेले मॅग्नाव्हॉक्स ओडिसी हे घरातील दूरचित्रवाणी संचाला जोडण्याचे पहिले व्यावसायिक गेम यंत्र होय. त्यानंतर निन्टेन्डोचे फॅमिकॉम (इ.स. १९८३), सेगाचे मेगा ड्राइव्ह (इ.स. १९८८), सुपर फॅमिकॉम (इ.स. १९९०) आणि सोनीचे प्लेस्टेशन (इ.स. १९९४) ही यंत्रे जपानमध्ये प्रथम विक्रीस आली. या सर्वांच्या रचनाकारांनी घरोघरी असलेला सीआरटी संच गृहीत धरला होता. इ.स. २००५ मधील एक्सबॉक्स ३६० आणि इ.स. २००६ मधील प्लेस्टेशन ३ यांच्यापासून उच्च विभेदनाचे सपाट पडदे गृहीत धरले जाऊ लागले. इ.स. २००७ च्या अखेरीस जागतिक विक्रीत एलसीडी संचांनी सीआरटी संचांना प्रथमच मागे टाकले.

सीआरटी संचावरील चित्र

सीआरटी संचात इलेक्ट्रॉनांचा झोत काचेच्या आतील बाजूस लावलेल्या प्रस्फुरक पदार्थावर आदळतो आणि तेथे क्षणभर प्रकाश उमटतो. हा झोत डावीकडून उजवीकडे आणि वरून खाली अशा ओळी रेखाटत जातो. अमेरिका व जपानमधील एनटीएससी पद्धतीत चित्र ५२५ ओळींचे असून सेकंदाला सुमारे ६० क्षेत्रे दाखवली जातात. युरोपातील अनेक देशांत व भारतात रूढ असलेल्या पाल पद्धतीत ६२५ ओळी आणि ५० क्षेत्रे असतात. एका क्षेत्रात विषम व पुढच्या क्षेत्रात सम ओळी रेखाटून पूर्ण चित्र तयार होते. या पद्धतीला अंतर्ग्रथित (इंटरलेस्ड) क्रमवीक्षण म्हणतात.

जुन्या गेम यंत्रांनी या पद्धतीत एक सोयीस्कर बदल केला. प्रत्येक क्षेत्र आधीच्या क्षेत्राच्याच ओळींवर पडेल अशा रीतीने संकेताची वेळ साधल्याने सुमारे २४० ओळींचे स्थिर, न थरथरणारे चित्र मिळाले. या संकेतास ‘२४०पी’ असे म्हणतात. मधल्या ओळी न रेखाटल्या गेल्याने चित्रात बारीक काळ्या आडव्या रेषा दिसतात. फॅमिकॉमचे चित्र २५६ × २४० चित्रबिंदूंचे, तर मेगा ड्राइव्हचे बहुधा ३२० × २२४ चित्रबिंदूंचे असे.

अनेक कलाकारांनी आपली चित्रे या पडद्याचा स्वभाव लक्षात घेऊन रंगवली. मर्यादित रंगांतून अधिक छटा भासवण्यासाठी भिन्न रंगांचे ठिपके वा उभ्या रेषा एकाआड एक ठेवल्या जात. कॉम्पोझिट जोडणी आणि सीआरटी पडदा यांत त्या एकमेकींत मिसळत. मेगा ड्राइव्हवरील ‘सॉनिक द हेजहॉग’ (इ.स. १९९१) या खेळातील धबधबा याच युक्तीमुळे पारदर्शक भासतो. स्वच्छ डिजिटल चित्रात मात्र तेथे केवळ उभे पट्टे दिसतात. त्यामुळे अधिक स्पष्ट चित्र हे नेहमीच मूळ चित्राच्या अधिक जवळचे असते, असे म्हणता येत नाही.

आधुनिक संचांवरील अडचणी

संकेताचा चुकीचा अर्थ: अनेक आधुनिक संच २४०पी संकेताला ४८० ओळींचा अंतर्ग्रथित संकेत समजतात. प्रत्यक्षात आधीच पूर्ण असलेल्या दोन चित्रांना ते एकत्र विणू पाहतात. परिणामी कडा दातेरी किंवा धूसर दिसतात. फटका बसल्यावर पात्र लुकलुकणे यांसारखे परिणाम अशा संचांवर कधी कधी पूर्णपणे नाहीसे होतात.

प्रतिसादातील विलंब: सीआरटी संच संकेत येताच तो रेखाटतो. आधुनिक संच मात्र आलेले चित्र साठवतो, मोठे करतो, त्यावर प्रक्रिया करतो आणि मगच दाखवतो. सेकंदाला ६० चित्रे असताना एका चित्राचा काळ सुमारे १६.७ मिलिसेकंद असतो. प्रक्रिया अधिक करणाऱ्या संचांत विलंब अनेक चित्रांइतका होऊ शकतो. नेमक्या क्षणी उडी मारणे किंवा वार अडवणे यांवर आधारलेल्या खेळांत हा फरक निर्णायक ठरतो. गेमक्यूबवरील ‘सुपर स्मॅश ब्रदर्स मेले’ (इ.स. २००१) या खेळाच्या स्पर्धांमध्ये सीआरटी संच दीर्घकाळ टिकून राहण्याचे हेच प्रमुख कारण आहे. आधुनिक संचातील ‘गेम मोड’ निवडल्यास बरीचशी प्रक्रिया बंद होऊन विलंब लक्षणीय घटतो.

हालचालीतील धूसरता: सीआरटीवरील प्रत्येक बिंदू अल्पकाळ उजळून विझतो. एलसीडी व ओएलईडी पडद्यांवर सामान्यतः पुढचे चित्र येईपर्यंत आधीचे चित्र तसेच टिकून राहते. वेगाने सरकणाऱ्या दृश्यात डोळा हालचालीचा पाठलाग करत असल्याने असे चित्र पुसट भासते. दोन चित्रांमध्ये काळे चित्र घालण्याची सोय काही संचांत असते. त्यामुळे धूसरता कमी होते, परंतु उजेडही घटतो.

चित्राचे गुणोत्तर: जुन्या संचांचा पडदा ४:३ गुणोत्तराचा होता. १६:९ पडद्यावर चित्र पूर्ण ताणल्यास वर्तुळे लंबवर्तुळाकार दिसतात. संचाच्या सेटिंगमध्ये ४:३ हा पर्याय निवडल्यास दोन्ही बाजूंना काळे पट्टे येतात आणि चित्राचे मूळ प्रमाण राखले जाते.

प्रकाश-बंदूक: ‘डक हंट’ (इ.स. १९८४) या खेळातील बंदूक पडद्यावर काही सोडत नसून पडद्यावरचा प्रकाश टिपते. चाप ओढताच पडदा क्षणभर काळा होतो आणि नंतर लक्ष्याच्या जागी पांढरा चौकोन दिसतो. बंदुकीने त्या क्षणी प्रकाश टिपला तरच नेम लागला असे मानले जाते. इतर काही बंदुका झोत समोरून जाण्याचा नेमका क्षण मोजून स्थान ठरवतात. सपाट पडद्यावर असा झोत नसल्याने आणि चित्र उशिरा येत असल्याने या बंदुका मूळ स्वरूपात चालत नाहीत.

जोडणीचे प्रकार

चित्राचा दर्जा संचाइतकाच जोडणीवरही अवलंबून असतो. कमी दर्जाकडून उच्च दर्जाकडे प्रमुख ॲनालॉग जोडण्या पुढीलप्रमाणे आहेत:

- आरएफ: अँटेनाच्या जागी जोडली जाणारी तार. चित्र व ध्वनी एकाच तारेतून जातात. मुंग्या व खरखर अधिक दिसते.
- कॉम्पोझिट: पिवळ्या पिनची जोडणी. रंग व उजेड यांची माहिती एकत्र असल्याने रंगांच्या कडा पसरतात.
- एस-व्हिडिओ: रंग व उजेड स्वतंत्र असल्याने चित्र स्पष्ट दिसते.
- आरजीबी व कॉम्पोनंट: रंगांची माहिती स्वतंत्र तारांतून जाते. आरजीबी जोडणी युरोपात स्कार्ट या एकवीस पिनांच्या जोडणीद्वारे रूढ होती.

नव्या संचांतून यांपैकी बहुतेक जोडण्या काढून टाकण्यात आल्या असून अनेक संचांत केवळ एचडीएमआय उरली आहे.

संकेत परिवर्तक व अनुकरण

जुना ॲनालॉग संकेत एचडीएमआयमध्ये बदलणाऱ्या स्वस्त परिवर्तकांपैकी अनेक २४०पी संकेत ओळखत नाहीत. त्यामुळे वर दिलेले दोष तसेच राहतात. रेट्रो गेमिंगसाठी खास तयार केलेली ओएसएससी आणि रेट्रोटिंक यांसारखी उपकरणे हा संकेत योग्य रीतीने ओळखतात. ओएसएससी पूर्ण चित्र साठवण्याऐवजी प्रत्येक ओळीची पुनरावृत्ती करते, म्हणून तिचा स्वतःचा विलंब नगण्य असतो. २४० ओळींची नऊपट म्हणजे २१६० ओळी होत असल्याने ‘फोर-के’ पडद्यावर हे चित्र पूर्णांक पटीने मोठे करता येते. १०८० ओळींच्या पडद्यावर मात्र ही पट साडेचार येते. त्यामुळे चित्राचा काही भाग कापावा लागतो, भोवती मोकळी जागा सोडावी लागते किंवा ओळींची जाडी असमान होते.

आणखी एक मार्ग मूळ यंत्राऐवजी अनुकरणाचा (इम्युलेशन) आहे. संगणकावरील अनुकरण आज्ञावलींसोबत सीआरटी पडद्याच्या रेषा, झाक व रंगमिश्रण यांची नक्कल करणारे दृश्य-परिणाम उपलब्ध आहेत. निन्टेन्डोने इ.स. २०१६ मध्ये आणलेल्या एनईएस क्लासिक एडिशन या छोट्या यंत्रात एचडीएमआय जोडणीसोबत अशा परिणामाची सोय होती. ॲनालॉग कंपनीचे सुपर एनटी (इ.स. २०१८) हे यंत्र जुन्या परिपथांचे वर्तन पुनर्रचनाक्षम चिपवर साकारते आणि मूळ कार्ट्रिज स्वीकारते.

निवडीचे निकष

- २४०पी संकेत देणारी ८-बिट व १६-बिट यंत्रे: सीआरटी संच सर्वाधिक अनुरूप, तो नसल्यास २४०पी ओळखणारा परिवर्तक आणि गेम मोड असलेला संच.
- पहिले प्लेस्टेशन व निन्टेन्डो ६४: वरीलप्रमाणेच. काही खेळ मध्येच २४० व ४८० ओळींमध्ये बदल करतात. त्या वेळी काही परिवर्तकांवर चित्र क्षणभर जाते.
- प्लेस्टेशन २: बहुतेक खेळ ४८० ओळींचे अंतर्ग्रथित चित्र देतात, सीआरटीवर ते नैसर्गिक दिसते.
- ड्रीमकास्ट: व्हीजीए जोडणीतून बहुतेक खेळ ४८० ओळींचे सलग चित्र देतात, ते आधुनिक पडद्यांवरही चांगले दिसते.
- एक्सबॉक्स ३६०, प्लेस्टेशन ३ व पुढील यंत्रे: आधुनिक संच योग्य.
- प्रकाश-बंदुकीचे खेळ: सीआरटी संच आवश्यक.
- गेम बॉयसारखी हातातील यंत्रे: यांचा स्वतःचा एलसीडी पडदा असल्याने सीआरटीचा निकष लागू होत नाही.

सर्वच सीआरटी संच सारखे नसतात. चित्र डिजिटल पद्धतीने साठवून दाखवणाऱ्या १०० हर्ट्झ संचांत व उच्च विभेदनाच्या सीआरटी संचांत विलंब येऊ शकतो आणि प्रकाश-बंदूकही चालत नाही. याउलट, प्रसारण केंद्रांत वापरले जाणारे सोनी पीव्हीएमसारखे व्यावसायिक मॉनिटर आरजीबी जोडणी व अत्यंत रेखीव चित्र यांमुळे संग्राहकांत लोकप्रिय आहेत. मात्र सामान्य घरांत हे खेळ असे रेखीव कधीच दिसले नव्हते.

देखभाल व सुरक्षितता

सीआरटी संच वजनदार असतात. मोठ्या पडद्याचा संच एकट्याने उचलणे धोक्याचे असते. कालांतराने संधारित्रे (कपॅसिटर) खराब होतात, नलिकेचा उजेड मंदावतो आणि चित्राची भूमिती बिघडते. रंगीत नलिकेला वीस हजार व्होल्टहून अधिक दाब लागतो व संच बंद केल्यानंतरही नलिकेत विद्युतभार शिल्लक राहू शकतो. त्यामुळे मागचे झाकण उघडण्याचे काम प्रशिक्षित कारागिराकडेच द्यावे लागते. नलिकेत निर्वात पोकळी असल्याने ती फुटल्यास काचा जोराने उडतात. काचेत शिसे असल्याने असे संच साध्या कचऱ्यात टाकणे योग्य नसते.

भारतातील स्थिती

भारतात रंगीत प्रसारण इ.स. १९८२ मध्ये पाल पद्धतीने सुरू झाले. इ.स. १९९० च्या दशकात महाराष्ट्रासह देशभर फॅमिकॉमच्या स्वस्त प्रतिकृती लोकप्रिय झाल्या. त्यांच्या कार्ट्रिजला बोलीभाषेत ‘कॅसेट’ म्हटले जाई आणि ही यंत्रे संचाला सहसा अँटेनाच्या जागी किंवा पिवळ्या पिनने जोडली जात. जपान वा अमेरिकेतून आणलेले एनटीएससी यंत्र केवळ पाल पद्धतीच्या संचाला जोडल्यास चित्र कृष्णधवल दिसते किंवा स्थिर राहत नाही. दोन्ही पद्धती स्वीकारणाऱ्या संचावर ही अडचण येत नाही. पाल आवृत्तीचे खेळ ५० हर्ट्झवर चालतात. त्यासाठी वेगळी जुळणी केलेली नसल्यास खेळ व संगीत सुमारे १७ टक्के संथ होते.

टाकून दिलेले दूरचित्रवाणी संच भारतात ई-कचऱ्यात मोडतात. १ एप्रिल २०२३ पासून लागू असलेल्या ई-कचरा (व्यवस्थापन) नियम, २०२२ नुसार त्यांच्या पुनर्चक्रणाची जबाबदारी उत्पादकांवर आहे. पुनर्चक्रणामुळे शिशासारख्या घातक पदार्थांची योग्य विल्हेवाट लागते, तथापि त्याच वेळी चालू स्थितीतील संचांची संख्याही घटत जाते.

जतनाचा प्रश्न

खेळाची आज्ञावली डिजिटल असल्याने तिची अचूक प्रत करता येते; परंतु ती ज्या पडद्यासाठी रचली गेली, त्या पडद्याची प्रत करता येत नाही. प्रत्येक सीआरटी संच वापराने झिजतो आणि नवी नलिका बाजारात येत नाही. त्यामुळे चालू संचांची दुरुस्ती व जपणूक आणि त्यांच्या चित्राचे अचूक अनुकरण ही दोन्ही कामे परस्परपूरक ठरतात. पडद्याची नक्कल मुळाशी किती जुळते हे तपासण्यासाठीही तुलनेकरिता काही मूळ संच चालू स्थितीत असणे आवश्यक असते.