शीतक, एंजिनाचे

अंतर्ज्वलन-एंजिनाच्या सिलिंडरांभोवती फिरून तेथील जादा उष्णता रेडिएटरपर्यंत वाहून नेणारा द्रव. बोलण्यात याला सर्रास ‘कूलंट’ म्हणतात. सध्याचे शीतक हे पाणी, एथिलीन ग्लायकॉल (क्वचित प्रोपिलीन ग्लायकॉल) आणि धातूंचे क्षरण रोखणारी द्रव्ये यांचे मिश्रण असते. इंधनातून मिळणाऱ्या उष्णतेचा ढोबळमानाने एकतृतीयांश भाग या द्रवावाटे बाहेर पडतो. शीतकाची जात त्यातील क्षरणरोधकांवरून ठरते. त्याचा रंग केवळ ओळखीसाठी घातलेला असतो आणि त्याबाबत कोणताही सर्वमान्य संकेत नाही.

इतिहास : सुरुवातीच्या मोटारगाड्यांत साधे पाणी वापरीत. ते उकळून उडून जाई आणि वाटेत पुन्हापुन्हा भरावे लागे. व्हिल्हेल्म मायबाख यांनी १९०१ च्या मर्सिडीज ३५ एचपी गाडीसाठी ६ मिमी. बाजूच्या ८,०७० चौकोनी नळ्या जोडून जाळीदार रेडिएटर रचला. त्यामुळे थोड्या पाण्यात पुरेसे शीतन साधू लागले. थंड देशांतील अडचण वेगळी होती. पाण्याचा बर्फ होताना त्याचे आकारमान सुमारे ९ टक्क्यांनी वाढते आणि एंजिनाचा ठोकळा तडकतो. त्यावर मिथेनॉल, एथेनॉल व ग्लिसरीन हे उपाय झाले. पहिली दोन द्रव्ये उकळून उडून जात, तर ग्लिसरीन थंडीत फार दाट होई.

एथिलीन ग्लायकॉल हे संयुग शार्ल-आदॉल्फ व्युर्त्स या फ्रेंच रसायनशास्त्रज्ञांनी १८५० च्या दशकात तयार केले. त्याचे व्यापारी उत्पादन मात्र १९२० च्या दशकात अमेरिकेत स्थिरावले आणि १९२७ मध्ये ते ‘प्रेस्टोन’ या नावाने गोठणरोधक म्हणून बाजारात आले. विमानांनी या द्रव्याचा वापर वाढवला. स्पिटफायर विमानाच्या रोल्स-रॉइस मर्लिन एंजिनात सुरुवातीस जवळजवळ शुद्ध ग्लायकॉल वापरीत. पुढे ७० टक्के पाणी व ३० टक्के ग्लायकॉल यांचे मिश्रण दाबाखाली ठेवण्याची पद्धत आली. आजच्या मोटारगाडीतील दाबबंद शीतन याच तत्त्वावर चालते.

कार्बनी अम्लांवर आधारलेले दीर्घायुषी शीतक जनरल मोटर्सने १९९० च्या दशकाच्या मध्यास ‘डेक्स-कूल’ या नावाने आणले. ते पाच वर्षे किंवा दीड लाख मैल (सुमारे २.४ लाख किमी.) टिकेल असे सांगितले गेले. काही एंजिनांत गाळ साचल्याच्या तक्रारी होऊन प्रकरणे अमेरिकी न्यायालयांत गेली. दोष द्रवाचा, की पातळी घटून आत शिरलेल्या हवेचा, यावर मतभेद आहेत.

भारतात एथिलीन ग्लायकॉलचा मुख्य खप पॉलिएस्टर धाग्यासाठी होतो. शीतकाचा वाटा त्यामानाने लहान आहे. हजीरा (गुजरात) येथे हे ग्लायकॉल खनिज तेलापासूनच्या एथिलिनापासून, तर काशीपूर (उत्तराखंड) येथे उसाच्या मळीतील अल्कोहॉलापासून बनवले जाते.

गुणधर्म : शुद्ध एथिलीन ग्लायकॉल १९७° से.ला उकळते व सुमारे –१३° से.ला गोठते. पाण्यात मिसळल्यावर गोठणबिंदू बराच खाली जातो : आकारमानाने ५० टक्के ग्लायकॉल असता सुमारे –३७° से., ६० टक्के असता सुमारे –५२° से. सुमारे ७० टक्क्यांच्या पुढे तो पुन्हा वर चढू लागतो. म्हणून ‘जितके जास्त ग्लायकॉल तितके चांगले’ हा समज चुकीचा आहे. निम्म्यास निम्मे मिश्रण उघड्यावर सुमारे १०७° से.ला, तर दर चौ. इंचास १५ पौंड दाबाच्या झाकणाखाली सुमारे १२९° से.ला उकळते.

उष्णता धरून ठेवण्याच्या बाबतीत पाणीच सरस आहे. त्याची विशिष्ट उष्णता ४.१८, तर निम्म्यास निम्मे मिश्रणाची साधारण ३.५ किलोजूल प्रतिकिग्रॅ. प्रतिअंश भरते. ग्लायकॉल घातल्याने शीतनशक्ती किंचित घटते, पण उकळण्याची मर्यादा लांबते. कोकणात किंवा दख्खनच्या पठारावर गोठण्याची भीती नाही. तेथे शीतकाचा उपयोग उकळणे टाळण्यासाठी आणि त्याहून अधिक क्षरण रोखण्यासाठी आहे. उंचीवर झाकणाचे महत्त्व वाढते. लेह येथे (सुमारे ३,५०० मी.) उघडे पाणी ८८° से.च्या आसपास उकळते आणि अनेक गाड्यांचा थर्मोस्टॅट ८२° ते ८८° से.च्या दरम्यान उघडतो. झाकण सैल असल्यास तेथे साधे पाणी एंजिन तापताच उकळू लागते.

क्षरणरोधक व त्यांवरून पडणारे प्रकार : एंजिनात ओतीव लोखंड, पोलाद, ॲल्युमिनियम, तांबे, पितळ व डाख हे एकमेकांच्या संपर्कात एकाच गरम द्रवात असतात. वापराबरोबर ग्लायकॉलचे ऑक्सिडीकरण होऊन ग्लायकॉलिक व फॉर्मिक यांसारखी अम्ले तयार होतात आणि द्रव हळूहळू आम्लधर्मी होतो. क्षरणरोधकांना ही अम्ले उदासीन करावी लागतात आणि धातूवर संरक्षक पापुद्राही धरावा लागतो.

(१) अकार्बनी : सिलिकेट, फॉस्फेट, बोरेट, नायट्राइट इत्यादी. सर्व पृष्ठभागांवर भरभर पापुद्रा धरतात, पण लवकर खर्ची पडतात. साधारण दोन वर्षांनी बदल आवश्यक.

(२) कार्बनी अम्लयुक्त : सेबॅसिक, २-एथिलहेक्झॅनोइक इत्यादी अम्लांचे क्षार. जेथे क्षरण सुरू होते तेथेच मुख्यतः काम करतात, म्हणून सावकाश संपतात. मुदत बहुधा पाच वर्षे.

(३) मिश्र : कार्बनी अम्लांच्या जोडीला थोडे सिलिकेट किंवा फॉस्फेट. यात दोन घराणी दिसतात. यूरोपातील कठीण पाण्यात फॉस्फेटाचा साका बसतो, म्हणून तेथील उत्पादक फॉस्फेट टाळतात व सिलिकेट घेतात. जपानी उत्पादक सिलिकेट टाळतात, कारण ते पाण्याच्या पंपाच्या सीलला घासते असे मानले जाते. ते फॉस्फेट वापरतात.

अवजड डिझेल एंजिनांतील ओल्या लायनरांवर (शीतकाशी थेट संपर्क असलेल्या सिलिंडर-अस्तरांवर) कंपनामुळे बारीक बुडबुडे फुटत राहतात व लायनरला खड्डे पडतात. त्यासाठी नायट्राइट किंवा मॉलिब्डेटयुक्त शीतक लागते.

मानके व परीक्षण : भारतीय मानक आयएस ५७५९, जपानी जेआयएस के २२३४, ब्रिटिश बीएस ६५८० आणि अमेरिकी एएसटीएम डी ३३०६ (हलकी वाहने) व डी ६२१० (अवजड वाहने) ही डब्यांवर वारंवार आढळणारी मानके होत.

मूलभूत कसोटी एएसटीएम डी १३८४ ही काचपात्रातील क्षरण-परीक्षा आहे. लिटरमागे १४८ मिग्रॅ. सोडियम सल्फेट, १६५ मिग्रॅ. सोडियम क्लोराइड व १३८ मिग्रॅ. सोडियम बायकार्बोनेट विरघळवून मुद्दाम क्षरणकारक पाणी करतात. त्यात शीतकाचे ३३ टक्के द्रावण करून तांबे, डाख, पितळ, पोलाद, ओतीव लोखंड व ॲल्युमिनियम यांच्या पट्ट्या बुडवतात. द्रावण ८८° से. तापमानाला ठेवून त्यातून ३३६ तास (दोन आठवडे) हवा सोडतात व शेवटी पट्ट्यांचे वजन घेतात. डी ३३०६ नुसार तांबे, पितळ, पोलाद व ओतीव लोखंड यांची प्रत्येक पट्टी १० मिग्रॅ.हून अधिक, तर डाख व ॲल्युमिनियमची ३० मिग्रॅ.हून अधिक झिजता कामा नये. ही चाळणी-परीक्षा असल्याने ती उत्तीर्ण झालेले शीतक प्रत्यक्ष एंजिनात तितकेच टिकेल असे म्हणता येत नाही. त्यासाठी पंप, रेडिएटर व धावत्या वाहनांवरील स्वतंत्र परीक्षा आहेत.

ओळख : जुने अकार्बनी शीतक बहुधा हिरवे असे. पुढे उत्पादकांनी मन मानेल तसे रंग निवडले. फोक्सवॅगनचे जी १२ तांबडे-गुलाबी असून त्यात सिलिकेट व फॉस्फेट नाहीत. टोयोटाचे शीतकही तांबडे व नंतर गुलाबी आले, पण ते फॉस्फेटयुक्त आहे. दोन्ही शेजारी ठेवल्यास नजरेने फरक कळणार नाही. उलट, आज मिळणारी काही हिरवी शीतके कार्बनी अम्लांची दीर्घायुषी आहेत. फोक्सवॅगनच्याच मालिकेत जी ११ निळसर-हिरवे, जी १२++ व जी १३ दोन्ही जांभळी आहेत. ती टीएल ७७४ या अंतर्गत निर्देशाच्या वेगवेगळ्या अक्षरांनी ओळखली जातात. डब्यावरचे मानक व वाहन-पुस्तिकेतील निर्देश एवढाच भरवशाचा पुरावा होय. टाकीत आधीपासून असलेला द्रव कोणता हे कळत नसेल, तर त्यात भर न घालता तो पूर्ण काढणे योग्य.

ग्लायकॉलचे प्रमाण हायड्रोमीटरने किंवा अपवर्तनांकमापकाने काढतात. हायड्रोमीटर प्रोपिलीन ग्लायकॉलला चालत नाही, कारण त्याच्या मिश्रणाची घनता सुमारे ७० टक्क्यांनंतर पुन्हा उतरते व एकाच घनतेची दोन उत्तरे निघतात. चाचणीपट्टीने पीएच व नायट्राइट कळते. तेलकट तवंग किंवा दुधट गढूळपणा हेड गॅस्केट गेल्याची शक्यता दाखवतो. तपकिरी द्रव गंज किंवा चुकीचे मिश्रण सुचवतो. केबिनमधील गोडसर वास व काचेवरचा चिकट धुरकटपणा ही हीटरच्या गळतीची लक्षणे आहेत.

निवड व बदल : प्रथम वाहन-पुस्तिकेतील निर्देश, मग मिश्रणाचे प्रमाण, शेवटी छाप, असा क्रम ठेवावा. डबा संहत द्रवाचा की तयार मिश्रणाचा हे वाचून घ्यावे. संहत द्रव तसाच ओतला, तर गोठणबिंदू व शीतन दोन्ही बिघडतात. तयार मिश्रणात पुन्हा पाणी घातले, तर क्षरणरोधक विरळ होतात. मिसळायचे पाणी ऊर्ध्वपातित किंवा क्षारविरहित असावे. बोअरच्या पाण्यातील कॅल्शियम व मॅग्नेशियम यांचा थर सिलिंडराभोवती बसतो आणि क्लोराइडामुळे ॲल्युमिनियमला बारीक छिद्रे पडतात. घाटात गाडी तापल्यावर मिळेल ते पाणी भरणे हा आपत्काळातील उपाय आहे. त्यानंतर गॅरेजमध्ये शीतक बदलून घ्यावे लागते.

दोन जातींच्या मिश्रणाचा परिणाम सरसकट सांगता येत नाही. जी ११ व जी १२ एकत्र आल्यास तपकिरी गाळ होतो; बऱ्याच इतर जोड्यांत गाळ धरत नाही, परंतु दीर्घायुषी शीतकाची मुदत घटून जुन्या जातीइतकी होते. ‘सर्व वाहनांसाठी’ म्हणून विकल्या जाणाऱ्या शीतकांबाबत वाहन-उत्पादक व शीतक-उत्पादक यांची मते जुळत नाहीत.

झाकण एंजिन पूर्ण थंड झाल्यावरच उघडावे. दाब सुटताच द्रव एकदम उकळून हातातोंडावर येतो. नवे शीतक भरल्यावर अडकलेली हवा काढावी लागते.

दुचाकी : दुचाकींत शीतक फक्त रेडिएटर असलेल्या एंजिनांना लागते. यामाहा आर १५ (२००८) व चाकण येथे बनणारी केटीएम २०० ड्यूक (२०१२) ही भारतातील उदाहरणे.

विषारीपणा : एथिलीन ग्लायकॉल चवीला गोड असते, त्यामुळे मुले, कुत्री व मांजरे ते पितात. मूळ द्रव्याची विषारी क्रिया मर्यादित आहे. यकृतातील अल्कोहॉल डीहायड्रोजनेज या एंझाइमामुळे त्याचे ग्लायकॉलिक व पुढे ऑक्झॅलिक अम्ल होते. पहिल्या काही तासांत दारू चढल्यासारखी लक्षणे दिसतात, नंतर रक्त आम्लधर्मी होऊन हृदय व श्वसनावर ताण येतो. एक ते तीन दिवसांत कॅल्शियम ऑक्झॅलेटाचे स्फटिक साचून मूत्रपिंडे निकामी होतात. प्रौढास सुमारे १०० मिलि. मारक ठरू शकते. फोमेपिझोल (अमेरिकेत १९९७ मध्ये मान्यता) किंवा एथेनॉल देऊन त्या एंझाइमाची क्रिया अडवतात, जोडीला रक्तशुद्धीकरण करतात. लक्षणांची वाट न पाहता रुग्णालय गाठणे आवश्यक आहे. अमेरिकी उत्पादकांनी २०१२ मध्ये किरकोळ विक्रीच्या मालात डिनॅटोनियम बेंझोएट हे अतिकडू द्रव्य घालण्याचे स्वेच्छेने मान्य केले. प्रोपिलीन ग्लायकॉल बरेच कमी विषारी आहे. तरी वापरलेल्या द्रवात उतरलेल्या धातूंमुळे तेही निर्धोक समजू नये.

याच कुळातील डायएथिलीन ग्लायकॉलची भेसळ असलेले ग्लिसरीन दिले गेल्याने मुंबईच्या जे. जे. रुग्णालयात १९८६ मध्ये १४ रुग्ण दगावले. त्याची चौकशी न्यायमूर्ती बख्तावर लेंटिन आयोगाने केली.

विल्हेवाट : ग्लायकॉल निसर्गात टिकून राहत नाही, सूक्ष्मजंतू ते खाऊन टाकतात. त्यासाठी लागणारा प्राणवायू मात्र ते पाण्यातूनच घेतात. १ किग्रॅ. एथिलीन ग्लायकॉलच्या पूर्ण विघटनाला सुमारे १.२९ किग्रॅ. प्राणवायू लागतो. पाण्यात लिटरमागे ८ मिग्रॅ. प्राणवायू धरला, तर हा दीड लाखाहून अधिक लिटर पाण्यातील साठा होतो. नाला किंवा विहिरीसारख्या लहान जलाशयात एका गाडीचे शीतकही मासे मारण्यास पुरेसे ठरू शकते. शिवाय जुन्या तांबे-पितळी रेडिएटरच्या डाखातील शिसे, तसेच तांबे व जस्त वापरलेल्या द्रवात उतरलेले असतात.

काढलेले शीतक झाकणाच्या प्लॅस्टिक कॅनमध्ये नाव घालून ठेवावे. पेयाच्या बाटलीत कधीही भरू नये, तेल किंवा पेट्रोलमध्ये मिसळू नये. मिसळल्यास दोन्हींचा पुनर्वापर अवघड होतो. गटार, शोषखड्डा, सेप्टिक टाकी व मोकळी जमीन टाळावी. कॅन अधिकृत सेवाकेंद्राकडे द्यावा. पुनर्वापरासाठी गाळण, आयन-विनिमय, आरओ व ऊर्ध्वपातन या पद्धती आहेत. त्यानंतर क्षरणरोधक नव्याने घालावे लागतात.

भारतात घातक व इतर अपशिष्ट (व्यवस्थापन व सीमापार वहन) नियम, २०१६ लागू आहेत. वापरलेल्या तेलासाठी २०२३ च्या दुरुस्तीने उत्पादकांची विस्तारित जबाबदारी आली, मात्र ग्लायकॉलयुक्त द्रव तेलाच्या व्याख्येत बसत नाही. वापरलेले शीतक घातक ठरणे त्यातील धातू व तेलाच्या प्रमाणावर अवलंबून आहे असे सामान्यतः मानतात. आयुष्य संपलेल्या वाहनांसाठीचे नियम १ एप्रिल २०२५ पासून अमलात आले. मोडीत काढण्यापूर्वी वाहनातील सर्व द्रव काढून घेणे हा त्या प्रक्रियेचा पहिला टप्पा आहे. महाराष्ट्रात तळोजा, रांजणगाव व बुटीबोरी येथे घातक कचऱ्याची सामाईक प्रक्रिया-केंद्रे आहेत. ती कारखान्यांसाठी आहेत; सुट्या वाहनधारकाचा माल गॅरेज किंवा सेवाकेंद्रामार्फतच तेथवर पोचू शकतो.

विद्युत वाहने : बॅटरी व विद्युत नियंत्रक यांच्या शीतनासाठी कमी विद्युतसंवाहकतेची शीतके वापरात येत आहेत.