मराठवाड्यातील वेगवान गोलंदाजाची घडण : राजवर्धन हंगरगेकर याच्या प्रारंभिक कारकिर्दीचा ऐतिहासिक संदर्भ

महाराष्ट्राच्या क्रिकेटचा इतिहास आजवर मुख्यत्वे मुंबई आणि पुणे या दोन केंद्रांच्या अनुषंगाने लिहिला गेला आहे. जिल्ह्याच्या गावांतून आलेल्या खेळाडूंचा उल्लेख त्यात येतो, तो बहुधा अपवाद म्हणून. मराठवाड्याच्या बाबतीत हे अधिक जाणवते. १९४८ पर्यंत हा प्रदेश हैदराबाद संस्थानात होता आणि १९५६ च्या राज्यपुनर्रचनेपर्यंत हैदराबाद राज्यात राहिला. प्रा. दि. ब. देवधर यांच्या नेतृत्वाखाली महाराष्ट्राने १९३९-४० व १९४०-४१ अशी सलग दोन वर्षे रणजी करंडक जिंकला, तेव्हा जालना, बीड, उस्मानाबाद ही गावे त्या महाराष्ट्रात नव्हतीच. पुढे ती महाराष्ट्र क्रिकेट असोसिएशनच्या क्षेत्रात आली, पण निवड, सराव आणि सामने यांचे केंद्र पुणेच राहिले. प्रस्तुत लेखात या पार्श्वभूमीवर तुळजापूरच्या राजवर्धन हंगरगेकर या तरुण वेगवान गोलंदाजाच्या कारकिर्दीचा विचार केला आहे.

विषयाचा आरंभ मात्र जालन्यापासून करणे योग्य ठरेल. १ मे १९८१ रोजी स्वतंत्र जिल्हा झालेल्या जालन्याने भारतीय क्रिकेटला विजय झोल हा खेळाडू दिला. १९ वर्षांखालील कूचबिहार स्पर्धेत २०११-१२ च्या हंगामात आसामविरुद्ध त्याने नाबाद ४५१ धावा केल्या आणि २०१४ च्या युवा विश्वचषकात भारताचे नेतृत्व केले. मराठवाड्यातला मुलगा राष्ट्रीय युवा संघाचा कर्णधार होऊ शकतो, हे त्याने दाखवून दिले. पण झोल हा डावखुरा फलंदाज. फलंदाजाची गुणवत्ता धावांच्या आकड्यांतून लांबूनही वाचता येते, आणि ४५१ ही संख्या कोणत्याही निवड समितीला दुर्लक्षिता येत नाही. वेगवान गोलंदाजाचे तसे नाही. त्याचे शरीर उशिरा भरते, दुखापत लवकर होते, आणि त्याचा वेग कोणी तरी प्रत्यक्ष उभे राहून पाहावा लागतो. पुण्यापासून सुमारे तीनशे किलोमीटरवरच्या गावात हा पाहणारा बहुधा नसतो.

शिवाय महाराष्ट्रात वेगवान गोलंदाजीची परंपरा क्षीण होती. १९७० च्या दशकात पांडुरंग साळगावकर यांच्या वेगाची देशभर चर्चा होती, तरी त्यांना कसोटी संघात स्थान मिळाले नाही. तो काळ फिरकीचा होता. नव्या चेंडूची चमक घालवण्यासाठी दोन-चार षटके टाकणारा कोणीही चाले, आणि सुनील गावसकर यांच्यासारख्या सलामीच्या फलंदाजानेही कसोटीत गोलंदाजीची सुरुवात केलेली आहे. कपिल देव यांच्या उदयानंतर दृष्टी बदलली. १९८७ मध्ये चेन्नईत (तेव्हाचे मद्रास) डेनिस लिली यांच्या मार्गदर्शनाखाली एमआरएफ पेस फाउंडेशन सुरू झाले आणि वेगवान गोलंदाज ‘घडवता’ येतो हा विचार रुजला.

या संस्थेचा लाभ झालेले मराठी मुलखातील सर्वांत मोठे नाव झहीर खान यांचे. श्रीरामपूर हे त्यांचे गाव अहमदनगर (आता अहिल्यानगर) जिल्ह्यातले. गोदावरी ओलांडली की मराठवाडाच. तेथून मुंबईत सुधीर नाईक यांचा नॅशनल क्रिकेट क्लब, मग चेन्नई, आणि अखेर प्रथम श्रेणीचे पदार्पण बडोद्याकडून, असा त्यांचा प्रवास झाला. ज्या राज्यात ते वाढले, त्यातील तीन रणजी संघांपैकी एकाकडूनही त्यांची सुरुवात झाली नाही, ही गोष्ट पुरेशी बोलकी आहे. ऑक्टोबर २००० मध्ये नैरोबीत एकदिवसीय आणि नोव्हेंबरमध्ये ढाक्यात कसोटी पदार्पण झाले; कसोटी पदार्पणाच्या वेळी त्यांचे वय २२ होते.

झहीर यांच्या कारकिर्दीत या लेखाच्या दृष्टीने महत्त्वाचे वर्ष २०११ नव्हे, २००६ आहे. विश्वचषकातील २१ बळी सर्वांना स्मरतात. परंतु २००३ च्या विश्वचषकात १८ बळी घेऊनही अंतिम सामन्यातील पहिल्याच षटकात १५ धावा दिलेला हा गोलंदाज दुखापतींनी खचत गेला आणि २००६ च्या आरंभी भारतीय संघाबाहेर पडला, हे विसरले जाते. त्या उन्हाळ्यात ते इंग्लंडमध्ये वूस्टरशायरकडून कौंटी क्रिकेट खेळले. आठवड्यामागून आठवडे चार दिवसांचे सामने, रोज पंधरा-वीस षटके. हंगामाअखेर त्यांच्या नावावर ७८ बळी होते. एसेक्सविरुद्ध एका डावात ९. त्याच वर्षअखेर ते दक्षिण आफ्रिकेत भारताकडून पुन्हा खेळले, आणि २००७ मध्ये ट्रेंट ब्रिजच्या कसोटीत ९ बळी घेऊन इंग्लंडमधील मालिका विजयाचे शिल्पकार ठरले. दोन्ही बाजूंना चेंडू फिरवणारा, धाव आखूड केलेला, फलंदाजाला षटकानुषटके सापळ्यात ओढणारा झहीर त्या कौंटी हंगामाने घडवला. कसोटीतील ३११ बळींचा पाया तेथे आहे.

राजवर्धनचा जन्म १० नोव्हेंबर २००२ चा. किशोरवयाच्या सुरुवातीला तो फिरकी टाकत असे; उंची आणि खांदे भरल्यावर वेगाकडे वळला. पुण्यातील प्रशिक्षणाने त्याला आकार दिला. २०२० मध्ये कोविडने वडिलांचे निधन झाले. पुढच्याच वर्षी तो महाराष्ट्राच्या वरिष्ठ संघाकडून मर्यादित षटकांचे सामने खेळला. येथवर संस्थात्मक प्रगती स्पष्ट दिसते, कारण झहीर यांना जे राज्याबाहेर शोधावे लागले, ते राजवर्धनला राज्यातच मिळाले. २०२२ च्या युवा विश्वचषकात ताशी १४० किलोमीटरच्या आसपासचा वेग आणि आयर्लंडविरुद्ध १७ चेंडूंतील नाबाद ३९ धावा यांमुळे तो सर्वांच्या नजरेत भरला. ५ फेब्रुवारीला भारताने अंतिम सामन्यात इंग्लंडला हरवले. त्याच महिन्यातील आयपीएल लिलावात ३० लाख मूळ किमतीच्या या मुलाला चेन्नई सुपर किंग्जने दीड कोटी रुपयांना घेतले.

तुळजापूरच्या कुटुंबाला दीड कोटींचा अर्थ काय, हे मराठवाड्यातील वाचकाला सांगण्याची गरज नाही. या पैशाला नाके मुरडणाऱ्यांनी साळगावकरांच्या काळातील रणजीपटूंचे मानधन आठवावे. प्रश्न पैशाचा नसून षटकांचा आहे. २०२२ च्या संपूर्ण हंगामात राजवर्धन एकही सामना खेळला नाही. ३१ मार्च २०२३ रोजी अहमदाबादला गुजरात टायटन्सविरुद्ध पदार्पणात त्याने ३६ धावांत ३ बळी घेतले. तीन दिवसांनी लखनौविरुद्ध दोन षटकांत २४ धावा दिल्या आणि तो संघाबाहेर गेला. चेन्नईबरोबरच्या तीन हंगामांत त्याच्या वाट्याला एवढे दोनच सामने आले. त्याच वर्षी जुलैमध्ये कोलंबोत इमर्जिंग आशिया चषकात पाकिस्तान ‘अ’ संघाविरुद्ध त्याने ४२ धावांत ५ बळी घेतले. षटके हाती आली की तो काय करू शकतो, याचा हा पुरावा मानावा लागेल. वीस षटकांच्या सामन्यात गोलंदाजाला चोवीस चेंडू मिळतात. त्यांत चूक करण्याची आणि ती सुधारण्याची सोय नसते. विशीतील वेगवान गोलंदाजाला नेमकी तीच सोय हवी असते. झहीर यांना ती परदेशात, कारकीर्द घसरल्यावर मिळाली.

राज्य संघटनेने जून २०२३ मध्ये महाराष्ट्र प्रीमियर लीग सुरू केली, तेव्हा मराठवाड्याचे प्रतिनिधित्व करणाऱ्या छत्रपती संभाजी किंग्ज या संघाचा प्रमुख खेळाडू राजवर्धन होता. त्या वर्षी स्पर्धेचे सर्व सामने पुण्याजवळ गहुंजे येथे झाले. मराठवाड्याच्या नावाचा संघ मराठवाड्याच्या मातीवर एकही सामना खेळला नाही, आणि जालना किंवा तुळजापूर येथील चौदा-पंधरा वर्षांच्या मुलाने आपल्या विभागाचा वेगवान गोलंदाज पाहिला तो दूरचित्रवाणीच्या पडद्यावर. २०२५ च्या हंगामासाठी लखनौ सुपर जायंट्सने राजवर्धनला ३० लाखांना, म्हणजे तीन वर्षांपूर्वीच्या मूळ किमतीला घेतले. त्या हंगामात लखनौ संघाचे मार्गदर्शक होते झहीर खान.