बारा हिट आणि पाच हजार डॉलर

बेसबॉल आपल्याकडे फारसं कुणी खेळत नाही, पण जो जॅक्सनची गोष्ट आपल्याला परकी वाटणार नाही. २००० साली क्रिकेटमधलं मॅच-फिक्सिंग उघडकीला आलं, तेव्हा घराघरांत एकच वाद होता : पैसे घेतले असतील, पण खेळाडू मोठा होता ना? अमेरिकेत हाच वाद एका माणसावरून शंभर वर्षांहून जास्त काळ चालू आहे.

जॅक्सन १८८७ साली दक्षिण कॅरोलायनात गरीब घरात जन्मला आणि लहानपणीच कापडगिरणीत कामाला लागला. शाळा नाही, अक्षरओळख नाही. पुढे त्याची पत्रं बायको केटी लिहायची. एकदा नवे बूट चावले म्हणून तो नुसत्या मोज्यांवर खेळला, असं सांगतात. तेव्हापासून ‘बिनबुटांचा जो’ हे नाव त्याला कायमचं चिकटलं. बेसबॉलमध्ये फलंदाजाने शंभरात तीस वेळा हिट मारली तरी तो उत्तम गणला जातो. जॅक्सनने १९११ साली शंभरात चाळीसचा आकडा ओलांडला. साऱ्या कारकिर्दीचा हिशेब मांडला, तर शंभरात पस्तिसाच्या वर!

मग १९१९ ची वर्ल्ड सीरीज आली. शिकागोचा व्हाइट सॉक्स संघ सिनसिनाटी रेड्सकडून पाच विरुद्ध तीन सामन्यांनी हरला. जुगाऱ्यांकडून पैसे घेऊन काही खेळाडूंनी सामने सोडले, हे पुढच्या वर्षी बाहेर आलं. जॅक्सनने ग्रँड ज्युरीपुढे सांगितलं की वीस हजार डॉलर कबूल झाले होते, हातात आले पाच हजार. तेव्हा त्याचा वर्षाचा पगार होता सुमारे सहा हजार.

त्याचे वकील म्हणावेत असे लोक आजही आकडे पुढे करतात. त्या मालिकेत त्याने १२ हिट मारल्या, क्षेत्ररक्षणात एकही चूक केली नाही. सामना विकणारा माणूस असा खेळेल का? दुसरी बाजू म्हणते, नीट बघा. पहिल्या पाच सामन्यांपैकी चार संघ हरला, आणि त्या पाचांत जॅक्सनच्या फटक्यावर एकही धाव निघाली नाही. त्याच्या सहाही धावा शेवटच्या तीन सामन्यांतल्या.

या आकड्यांत कितीही डोकं घातलं तरी माणसाच्या मनात काय होतं ते सापडत नाही. पण पैसे घेतले, हे तर खुद्द त्यानेच सांगितलेलं आहे. पाठशाळेत आम्हाला शिकवलं होतं की पाप तीन वाटांनी लागतं : कृत, कारित आणि अनुमोदित. स्वतः करणं, दुसऱ्याकडून करवणं आणि करणाऱ्याला मान डोलावणं. जॅक्सन मैदानावर प्रामाणिक खेळला असं धरून चाललं, तरी ते पाच हजार परत न करणं ही अनुमोदनाच. तेव्हा त्याला निर्दोष म्हणणं मला जमत नाही.

पण ही फूटपट्टी एकदा हातात घेतली, की ती सगळ्यांनाच लावावी लागते. १९२१ च्या ऑगस्टमध्ये शिकागोच्या ज्युरीने आरोपी खेळाडूंना निर्दोष सोडलं. दुसऱ्याच दिवशी बेसबॉलचे आयुक्त, न्यायाधीश लँडिस यांनी कोर्टाचा निकाल काहीही असो म्हणत आठही जणांना जन्मभराची बंदी घातली. त्यांत बक वीव्हरही होता. त्याने पैसे घेतले नव्हते. बेत माहीत असून तो गप्प राहिला, एवढाच त्याचा दोष. आपल्याकडे प्रायश्चित्त दोषाच्या मापाने देतात. इथे बेत रचणारा, पैसे घेणारा आणि गप्प बसणारा, तिघांना एकच शिक्षा.

आणि मालक? चार्ल्स कॉमिस्कीच्या कानावर संशय मालिकेच्या वेळीच आला होता. तरी यांतल्या बहुतेकांना त्याने १९२० साली पुन्हा खेळवलं आणि तिकिटं विकली. ही अनुमोदना नव्हे तर काय? तो कॉमिस्की न्यूयॉर्क राज्यातल्या कूपर्सटाउनच्या हॉल ऑफ फेममध्ये १९३९ पासून आहे. लँडिस १९४४ पासून आहेत, आणि त्यांच्या जवळजवळ २४ वर्षांच्या कारभारात मोठ्या लीगमध्ये एकही कृष्णवर्णीय खेळाडू आला नव्हता. म्हणजे आत बसलेले सगळे काही धुतल्या तांदळासारखे नाहीत.

‘कॉमिस्कीला घेतलं म्हणून जॅक्सनलाही घ्या,’ हा युक्तिवाद मात्र मला पटत नाही. एका चुकीने दुसरी चूक बरोबर ठरत नाही. माझं म्हणणं वेगळं आहे. जॅक्सनला शिक्षा झाली आणि ती त्याने पुरती भोगली. ऐन तिशीत खेळ सुटला तो सुटलाच. १९५१ साली तो वारला तेव्हाही बंदी तशीच होती, आणि ती मेल्यानंतरही ७० वर्षांच्या वर चालली. २०२५ च्या मे महिन्यात बेसबॉलच्या आयुक्तांनी ठरवलं की मृत्यूबरोबर बंदी संपते. बरोबर ठरवलं. मेलेल्या माणसाकडून खेळाला आता कसला धोका?

मेल्याने कर्म पुसलं जात नाही, असं आपण मानतो. पण कर्माचा हिशेब ठेवणं हे क्रीडामंडळाचं काम नव्हे. त्याने खेळाचा हिशेब ठेवावा, आणि तो पुरा ठेवावा. २०२७ च्या डिसेंबरमध्ये १६ जणांच्या समितीपुढे जॅक्सनचं नाव येऊ शकतं. आत जायला १२ मतं लागतात. मला मत असतं तर मी ते दिलं असतं, एका अटीवर. हॉलमधल्या त्याच्या पाटीवर बारा हिट लिहा, आणि त्याखाली तेवढ्याच मोठ्या अक्षरांत पाच हजार डॉलरही लिहा.